खडकाळ वाट आणि महिन्याकाठी पुणे : थारसाठी कोणते टायर घ्यावेत?

पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०२१ सालची डिझेल थार आहे, फोर बाय फोर, लोखंडी डिस्कवर २४५/७५ आर १६ मापाचे टायर असलेली. गाडीबरोबर आलेले टायर ५२ हजार किलोमीटर चालले असून खाचांच्या तळाशी असलेल्या झिजेच्या खुणांना आता जवळजवळ टेकले आहेत, त्यामुळे पावसाळ्याआधी ते बदलणे भाग आहे.

गाडीचा वापर नेमका कसा आहे हे सांगितल्याशिवाय सल्ला मागण्यात अर्थ नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. आमची वडिलोपार्जित जमीन भुदरगड तालुक्यात डोंगराच्या अंगाला आहे. डांबरी रस्ता संपला की पुढे चार किलोमीटर जांभ्याच्या पायऱ्यापायऱ्यांची आणि मधूनच सुट्या दगडांची वाट लागते, आणि ती मी महिन्यातून तीन-चार वेळा चढतो-उतरतो. हिवाळ्यात मित्रांबरोबर गगनबावडा, बरकी किंवा पाटगावच्या बाजूला जाणे होते. दुसरीकडे मुलगी पुण्याला शिकते. महिन्या-दीड महिन्यातून एकदा राष्ट्रीय महामार्ग ४८ वरून जाऊन-येऊन पावणेपाचशे किलोमीटर होतात, आणि त्या वेळी गाडीत माझी आई असते, जिला आवाज आणि हादरे दोन्ही सोसत नाहीत.

गेल्या नोव्हेंबरात याच वाटेवर मागच्या उजव्या टायरची बाजू दोन बोटे फाटली. तळाला ओरखडासुद्धा नव्हता. पंक्चरवाल्याने टायर हातात घेण्याआधीच मान हलवली आणि बाजू फाटलेल्या टायरला इलाज नाही असे सांगितले. तेव्हापासून स्टेपनी चाकावर आहे आणि स्टेपनीच्या जागी मेव्हण्याकडून आणलेला जुना टायर आहे.

एटी (ऑल टेरेन, म्हणजे रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचे) घ्यावेत की एमटी (मड टेरेन, म्हणजे चिखलासाठीचे जाड ठोकळ्यांचे), हा माझा पहिला प्रश्न. २६५/७५ आर १६ हे मोठे माप घातले तर दगडावर फायदा होईल असे एका मित्राचे म्हणणे आहे, त्यात कितपत तथ्य आहे? आणि खडकावर हवा कमी करावी असे सगळेच सांगतात, पण नेमकी किती, हे प्रत्येक जण वेगळे सांगतो.

काळा कातळ

आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आपणच लिहिले आहे: तळाला ओरखडा नव्हता आणि बाजू फाटली. तरीही आपला पहिला प्रश्न नक्षीबद्दलचा आहे. टायर घेताना आपण सगळेच हीच चूक करतो, कारण दुकानात उभ्या केलेल्या टायरची डोळ्यांत भरते ती नक्षी.

रेडियल टायरच्या तळाखाली पोलादी तारांचे पट्टे असतात, पण ते बाजूंपर्यंत येत नाहीत. बाजूला पॉलिस्टरच्या धाग्यांचे एक किंवा दोन थर आणि त्यांवर रबर, एवढेच असते. बाजू लवचीक राहावी आणि बसणाऱ्याला हादरा कमी लागावा यासाठी ती मुद्दामच तशी घडवलेली असते. हमरस्त्यावर हा गुण आहे. दगडाच्या कडेला ती घासली की मात्र तेथे संरक्षण म्हणावे असे काही उरत नाही. म्हणून एटी की एमटी हे ठरवण्याआधी बाजूचे थर किती आहेत आणि खांद्यावरचे, म्हणजे तळ आणि बाजू जुळतात त्या कडेवरचे, ठोकळे बाजूवर कितपत उतरले आहेत, हे पाहावे. काही एटी टायरांत बाजूला तीन थर असतात, बीएफगुडरिचचा केओ२ हे त्यातले सर्वांच्या ऐकण्यातले उदाहरण; आणि जाड ठोकळ्यांचा पण पातळ बाजूचा टायरही बाजारात मिळतो.

आता आपल्याकडच्या दगडाविषयी. कोल्हापूरच्या पश्चिमेला डोंगरांच्या माथ्यावर जांभा आहे आणि त्याखाली काळा बेसाल्ट. जांभा कानशीसारखा रबर घासून काढतो, त्यामुळे टायर लवकर झिजतो, पण तो सहसा कापत नाही. कापतो तो काळा दगड, आणि तोही ओढ्यातला गुळगुळीत गोटा नव्हे, तर नुकताच फुटलेला, कडा न झिजलेला. आपल्या जमिनीच्या वाटेवर अलीकडे कोणी मुरूम-खडी टाकली असेल तर नोव्हेंबरातला तो घाव जांभ्याचा नसून त्या खडीचा असण्याची शक्यता मला अधिक वाटते. माझे स्वतःचे दोन टायर असेच गेले, आणि दोन्ही वेळा मी रस्त्याच्या कामावरून जात होतो, डोंगरात नव्हतो.

कोरड्या खडकावर पकड मिळते ती रबर दगडाच्या आकाराप्रमाणे दबल्यामुळे. तेथे एमटीच्या रुंद खाचांचा फारसा उपयोग नाही, कारण खाच म्हणजे दगडाला न टेकणारी जागा. एमटीचा खरा उपयोग चिखलात आहे. उलट ओल्या डांबरावर त्याचे मोठे ठोकळे आणि त्यांवरच्या बारीक चिरांचा अभाव यांमुळे ब्रेक लागायला जास्त अंतर लागते. आपला वापर पाहता मी बळकट बाजूचा एटी घेईन आणि वाचलेल्या पैशांतून हवा भरायचा पंप घेईन.

हवेबद्दल: आपल्या गाडीच्या वजनाला खडकाळ वाटेवर २० ते २२ पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) पुरते. १८ च्या खाली जाण्याची गरज तुमच्या वाटेवर पडू नये, कारण त्यापुढे वळताना टायरची कडा डिस्कवरून निसटण्याचा धोका वाढतो आणि दगडाचा ठोका थेट डिस्कला बसू लागतो. हवा कमी केली की टायर दगडाभोवती दबतो, पण त्याच वेळी त्याची बाजू बाहेर फुगते आणि घासण्याची शक्यता वाढते, ही गोष्ट पुष्कळ जण विसरतात. म्हणून कमी हवेत गाडी अगदी सावकाश, चाक दगडाच्या शेजारून न नेता दगडावर चढवून न्यावी. चाक जागच्या जागी फिरू देऊ नये. फिरणारे चाक आणि तीक्ष्ण कड एकत्र आली की कोणताही टायर टिकत नाही.

उद्यमनगरचा टायरवाला

मी धंद्यात आहे, त्यामुळे माझे म्हणणे थोडे सावधपणे घ्यावे. कोणत्या कंपनीचा घ्या हे मी येथे सांगणार नाही. टायर हातात घेऊन काय वाचावे, ते सांगतो.

मापाच्या आधी एलटी (लाइट ट्रक, म्हणजे हलक्या मालवाहू गाड्यांसाठीची जाड घडण) ही अक्षरे आहेत का, ते पाहा. तीच नक्षी, तेच नाव आणि तेच माप असलेला टायर कधी साध्या घडणीत येतो आणि कधी एलटी घडणीत, आणि ग्राहक किंमत पाहून साधा घेऊन जातो. मापानंतर आकडा आणि अक्षर असते. २४५/७५ आर १६ मध्ये साध्या टायरवर बहुधा १११ एस असे दिसते, म्हणजे एका टायरची क्षमता १०९० किलो आणि वेगमर्यादा ताशी १८० किलोमीटर. एलटी घडणीच्या सर्वांत जड प्रकारात हाच भारांक १२० पर्यंत जातो, म्हणजे १४०० किलो. थारला एवढ्या भाराची गरज नाही. आपण येथे भार विकत घेत नसून त्याबरोबर येणारी जाड घडण विकत घेत असतो. टायरवर ‘१० प्लाय’ लिहिले आहे म्हणून आत दहा थर आहेत, असाही समज करून घेऊ नये. तो जुन्या सुती धाग्यांच्या काळातला ताकदीचा मापदंड आहे.

एलटीची एक अडचण मात्र आधीच सांगतो. तो चारपाच किलोपर्यंत जड असू शकतो, कडक असतो, आणि त्याची भारक्षमता जास्त हवेवर मोजलेली असते. त्यामुळे दारावरच्या पट्टीवर लिहिलेली हवा साध्या टायरसाठी असेल तर एलटीमध्ये महामार्गासाठी थोडी जास्त भरावी लागते. किती, यासाठी चालकांचा एक जुना ठोकताळा आहे. सकाळी गाडी गार असताना हवा मोजावी, महामार्गावर तासभर चालवून लगेच पुन्हा मोजावी. फरक ४ पीएसआयच्या आसपास आला तर हवा बरोबर आहे, त्याहून बराच जास्त आला तर सुरुवातीची हवा कमी होती असे समजावे.

डोंगरातून उतरून २० पीएसआयवर तसेच शंभरच्या वेगाने निघालेले लोक मी पाहिले आहेत. कमी हवेत टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला वाकते, त्या वाकण्यातून उष्णता होते, आणि तळाचे पट्टे रबरापासून सुटू लागतात. टायर त्याच दिवशी फुटेलच असे नाही. तो महिन्याभराने, भर उन्हात, कराडच्या पुढे कुठेतरी फुटतो आणि मग दोष टायरला दिला जातो. म्हणून डांबर लागताच हवा भरावी. पंप घेतलात तर तो थेट बॅटरीला चिमट्यांनी जोडायचा घ्यावा. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर मोठा पंप लावला की फ्यूज जातो.

तारीखही पाहा. बाजूवर चार आकडी अंक असतो: ०८२५ म्हणजे २०२५ सालचा आठवा आठवडा. आयएसआयची खूण पाहा, कारण बाहेरून कसेबसे आणलेले टायर स्वस्तात दाखवणारे भेटतात. आणि टायर पाच घ्या, चार नव्हे. ही गोष्ट मी धंद्यासाठी सांगतो असे लोकांना वाटते, पण आपली गाडी फोर बाय फोरमध्ये असताना पुढच्या आणि मागच्या चाकांना बांधून फिरवते. मधे फरक सोसणारे डिफरन्शियल नसते. व्यासात फरक असलेला टायर लावून फोर एचमध्ये (फोर बाय फोरच्या नेहमीच्या वेगाच्या गिअरमध्ये) चालवले की सगळा ताण गिअरांवर येतो.

एक शेवटचे, आपल्या भागापुरते. ऊस तुटल्यावर शेतात जे तिरके कापलेले बुडखे राहतात, ते डोंगरातल्या दगडाइतकेच टायर फोडतात. गाडी रानात घालताना कोणी याचा विचार करत नाही.

राधानगरीचा पाऊस

वरच्या दोन्ही उत्तरांचा आदर ठेवून थोडा मतभेद नोंदवतो. प्रश्नकर्त्यांनी हिवाळ्याचा आणि दगडाचा उल्लेख केला आहे, पण जमीन आहे म्हणजे जून ते सप्टेंबर तेथे जाणे चुकणार नाही. भुदरगडच्या त्या अंगाला जुलैत दगडांच्या मधल्या जागेत लाल चिखल भरलेला असतो, आणि तो एटीच्या अरुंद खाचांत एकदा बसला की टायर सारवलेल्या जमिनीसारखा गुळगुळीत होतो. मग बाजूला तीन थर असोत की पाच, गाडी जागची हलत नाही. एमटी फिरताना चिखल फेकून देतो आणि प्रत्येक फेऱ्याला खाचा मोकळ्या होतात. ओला दगड आणि त्यावर चिखलाचा थर, अशा ठिकाणी मला एमटीइतका भरवसा दुसऱ्या कशाचा वाटत नाही.

आता त्याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगतो. मी जिप्सीवर तीन वर्षे बाराही महिने एमटी वापरले. निपाणीच्या पुढे तवंदी घाटात, पहिल्या पावसात, पुढच्या ट्रकने ब्रेक मारला आणि माझी गाडी थांबेल असे वाटलेल्या जागेपासून जवळजवळ गाडीभर पुढे सरकली. काही झाले नाही, पण त्यानंतर महामार्गावर पुढच्या वाहनापासून किती अंतर ठेवायचे, याचा माझा अंदाज कायमचा बदलला. आवाजाचे म्हणाल तर नवे असताना तो सोसवतो. दहा-बारा हजार किलोमीटरनंतर ठोकळ्यांच्या कडा एका बाजूने झिजतात आणि मग ऐंशीच्या वेगाला शेजारी बसलेल्या माणसाशी मोठ्याने बोलावे लागते. दर पाच हजारांना चाकांची अदलाबदल केली असती तर हे थोडे लांबले असते, मी ती केली नाही.

अखेर मी जुन्या चार डिस्क मिळवल्या. एमटी त्यांवर बसवले आणि जून ते सप्टेंबर एवढेच वापरतो. प्रश्नकर्त्यांकडे ठेवायला जागा असेल तर या मार्गाचा जरूर विचार करावा. आईंना पावसाळ्यात पुण्याला न्यायचे असेल तर मात्र हा मार्ग उपयोगाचा नाही, हे कबूल करतो.

मित्रांबरोबरच्या सहलींविषयीही एक सांगावेसे वाटते. पाटगावहून भटवाडी-चिक्केवाडीकडची वाट असो की दाजीपूरचा परिसर, हे वनक्षेत्र आहे, आणि राधानगरी अभयारण्य तर २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत आहे. आत जाण्यापूर्वी वनखात्याची परवानगी घ्यावी आणि रुळलेली वाट सोडून सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळी पठारावर, गाडी घालू नये. पावसाळ्यात सड्यावर जे बोटभर उंचीचे गवत आणि फुले दिसतात त्यांच्याखाली माती जेमतेम वीतभरही नसते, आणि एमटीची एक चाकोरी तेथे वर्षानुवर्षे दिसत राहते.

गोकुळ शिरगावचा फिटर

मापाच्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही, म्हणून तेवढेच लिहितो. २४५/७५ आर १६ चा व्यास ७७३.९ मिलिमीटर येतो आणि २६५/७५ आर १६ चा ८०३.९. म्हणजे व्यास तीस मिलिमीटरने वाढतो, पण गाडी जमिनीपासून उचलली जाते ती त्याच्या निम्मी, पंधरा मिलिमीटर. दगड टाळायला पंधरा मिलिमीटर म्हणजे एका बोटाची रुंदी. त्यासाठी मोजायची किंमत अशी की घेर जवळजवळ ३.९ टक्क्यांनी वाढल्यामुळे काटा ८० दाखवत असताना गाडी ८३ ने धावते, चाक जड झाल्याने ब्रेक आणि बेअरिंगवर ताण येतो, डिझेल जास्त लागते, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आत कुठे घासतो का, ते पाहावे लागते.

कायद्याची बाजू वेगळी आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही याच अर्थाचा निकाल दिला आहे. अपघात झाल्यावर विमा कंपनीचा माणूस सर्वांत आधी जे फोटो काढतो त्यांत टायर असतात.

अठरा इंची अलॉयचा (मिश्रधातूच्या डिस्कचा) मोह कोणी घातला तर त्यालाही नकार द्या. थारच्याच वरच्या प्रकारात येणाऱ्या २५५/६५ आर १८ टायरची बाजू १६६ मिलिमीटर उंच आहे, आपल्या सोळा इंचीची १८४. दगड आणि डिस्क यांच्यामधले हे अठरा मिलिमीटर रबर तुम्हाला फुकट मिळालेले आहे. शिवाय लोखंडी डिस्क वाकली तर उद्यमनगरात ठोकून सरळ होते. अलॉयला तडा गेला की बदलावीच लागते.

पंचगंगाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काळा कातळ यांचा तर्क खरा निघाला: गेल्या दिवाळीनंतर ग्रामपंचायतीने त्या वाटेच्या सुरुवातीला खडी टाकली होती आणि माझा टायर तेथून दोनशे पावलांवर फाटला होता. मी आजवर उगाच जांभ्याला दोष देत होतो.

आपली उत्तरे वाचून वहीत हिशेब मांडला. वर्षाला साधारण पंधरा हजार किलोमीटर होतात. त्यांतले पुण्याचे चार-साडेचार हजार, आणि जमिनीची वाट व सहली मिळून दगडावरचे जेमतेम पाचशे. बाकी सगळे गावातले आणि तालुक्याच्या डांबरी रस्त्यांवरचे. हा आकडा मला स्वतःलाही धक्का देणारा होता, कारण माझ्या मनात मी निम्मा वेळ डोंगरातच असतो. जुलैत चिखल लागतो हे राधानगरीकरांचे म्हणणे बरोबर आहे, पण त्या महिन्यांत गाडी खाली वस्तीवर लावून वर चालत जाण्याची आमच्या घरची पद्धत आहे, आणि ती मोडावी असे मला वाटत नाही.

तेव्हा मूळ मापात, एलटी घडणीचे, बळकट बाजूचे एटी घ्यायचे ठरवले आहे. पाच, आणि सोबत पंप. दोन शंका उरल्या आहेत. दहा प्लायचा टायर आईला कडक लागेल का? आणि माझ्या जुन्या टायरांपैकी सर्वांत कमी झिजलेला स्टेपनी म्हणून ठेवला आणि चारच नवे घेतले, तर चालणार नाही का?

उद्यमनगरचा टायरवाला

कडक लागेल. आपल्या मापात सहा प्लायचा, म्हणजे सी श्रेणीचा एलटी मिळाला तर तो घ्या. थारच्या वजनाला तो पुरेसा आहे आणि दहा प्लायपेक्षा मऊ चालतो. तो मिळाला नाही आणि दहा प्लायचाच घ्यावा लागला, तर हवा वर सांगितलेल्या ठोकताळ्याने ठरवा. जाड टायर आहे म्हणून चाळीसच्या वर भरून ठेवणारे पुष्कळ आहेत, आणि मग कडकपणाची तक्रारही तेच करतात.

जुना टायर स्टेपनीला ठेवलात तर डांबरावर, टू व्हीलमध्ये, मागच्या चाकाला लावून सावकाश घरी येण्यापुरता चालेल. पण टायर फाटतो तो बहुतेक वेळा वाटेच्या मध्यावर, जेथून फोर बाय फोरशिवाय बाहेर पडता येत नाही, आणि तेव्हा लहान झालेला जुना टायर लावून फोर एल (फोर बाय फोरचा संथ, जोरदार गिअर) टाकणे म्हणजे टायरचे वाचलेले पैसे गिअरबॉक्सवर घालवणे. पाचवा नवाच घ्या, आणि दर आठ हजारांना अदलाबदल करताना त्यालाही फेरीत धरा, म्हणजे पाचही एकसारखे झिजतील.

बसवून घेताना डिस्कच्या कडा आतून घासून साफ करायला सांगा, कारण लाल माती तेथे बसलेली असते आणि हवा तिथूनच सावकाश गळते. नट शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घ्या. नव्या टायरवर साच्यातून निघतानाचा गुळगुळीत थर असतो, तो झिजायला पहिले दोन-तीनशे किलोमीटर लागतात. तेवढ्यात पुण्याची फेरी आली आणि रस्ता ओला असला, तर सहापदरीकरणाच्या वळणरस्त्यांवर जरा जास्त अंतर ठेवून चालवा.